छप्पर उचलता येणारं घर

"जावयाला कसब शिकवतोस? उद्या तो तुला ओळख तरी देईल काय?" धाकूकाका ओरडत होता.

"पोटचा मुलगा नाही मला, मग शिकवू कोणाला? तुझ्या बैलाला?" भिकाजी सुतार ओरडला.

बापाचं नि काकाचं हे भांडण सगुणाने दाराआडून ऐकलं. जावई म्हणजे तिचाच नवरा, रामा.

भिकाजी घर बांधण्याआधी फणसाच्या लाकडाचं हातभर नमुन्याचं घर करायचा. छप्पर उचलून बायकांनी आत बघायचं, चूल कुठे, माजघर कुठे, आणि पोटभर तक्रारी करायच्या. रामा थोडंफार शिकला आणि रत्नागिरीत घरांचे नकाशे काढणाऱ्या साहेबाच्या कचेरीत लागला. तिथे लागणारी नमुन्याची लाकडी घरं मात्र सासराच करून द्यायचा. "तुमचं नाव साहेबांच्या कानावर घातलंय, मामा," रामा म्हणायचा.

एकदा भिकाजी धुतलेला कोट घालून कचेरी बघायला गेला. उतरत्या टेबलांवर माणसं वाकलेली, आणि मधोमध त्याने केलेलं घर. साहेबाने छप्पर उचललं.

"रामा, हातात कसब आहे तुझ्या! आणि हे कोण?"

रामाने मान खाली घातली. "लाकूड पोचवतात, साहेब."

भिकाजीने एक पाऊल पुढे टाकलं. पण खरं बोलावं तर लेकीच्या चुलीत पाणी.

"होय साहेब," तो म्हणाला, "फणस जुना आहे."

तिथून तो दर महिन्यासारखा कुळथाचं पीठ घेऊन सगुणाकडे गेला. ही त्याची शेवटची खेप ठरली; लगेच आलेल्या पावसाळ्यात तो वारला.

"आबा, साहेब काय म्हणाले?" सगुणाने विचारलं.

"हातात कसब आहे म्हणाले."

त्याने पीठ डब्यात ओतलं, फडकं झटकून घडी घातली आणि प्यायला पाणी मागितलं.