दिल्ली बारीक, नागपूर मोठ्यानं

धावजी उद्या संध्याकाळी रामीबाईला काय सांगणार, हा प्रश्न काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. घरात निजानीज झाली आहे. मी दोनदा अंथरुणावर पडले आणि दोनदा उठले.

धावजी हा पाटणबोरीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका बंजारा तांड्यावरचा शेतकरी. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला, म्हणून तांड्याला सरकारी रेडिओ मिळाला तेव्हा पेटीची किल्ली त्याच्याकडे आली. आमचे हे पांढरकवड्याच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत. बाजाराच्या दिवशी धावजी पंचायत समितीत बॅटरीची चौकशी करतो, मग खोकल्याचं औषध न्यायला येतो आणि आमच्या ओसरीवर चहा घेतो. चहा बशीत ओतला की त्याला बोलायला सुचतं.

"माह्या आजाचे बैल होते बाई. मीठ घेऊन जाये, धान्य घेऊन येये. जिथं गोनी उतरवे तिथंच बातमी उतरवे. मीठ वल्लं निघालं त लोक भांडत. बातमी वल्ली निघाली त कोनी नाई भांडे."

तांड्यावर वीज नाही. रेडिओ बॅटरीवर चालतो आणि बॅटरी उतरली की नवी कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून धावजीनं एक रीत पाडली. दिल्लीच्या मराठी बातम्या लागल्या की आवाज अगदी बारीक करायचा, पेटीला कान लावून एकट्यानं ऐकायचं. त्या संपून नागपूर स्वतःच्या बातम्या द्यायला लागलं, की कडुनिंबावरच्या भोंग्यातून मोठ्यानं सोडायचं. कापसाचा भाव, वर्धा नदीचं पाणी, यवतमाळला कोण मंत्री येऊन गेला, हे सगळ्यांनी ऐकायचं. नागपूर संपलं की पेटीला कुलूप, आणि मग धावजी दिल्लीचं ऐकलेलं गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत सांगणार. शेवटी घरची भरही असायची: कोणाची म्हैस चुकली, कोणाकडे पाहुणे आले.

देवीच्या लसीच्या वेळी मी यांच्याबरोबर तांड्यावर गेले होते, तेव्हा हे पाहिलं. धावजी पेटीला चिकटलेला, आणि मागून त्याची बायको नंदाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "घरात चारदा हाक मारली त ऐकू येत नाई, आन् दिल्लीचं बरोबर ऐकू येते!" सगळा पार हसला. धावजीनं मान न वळवता हात वर केला, थांब म्हणून. तो खरंच ऐकत होता.

या सप्टेंबरात सीमेवर लढाई पेटली आणि ही रीत धावजीच्या गळ्याशी आली.

तांड्यातला एकच मुलगा फौजेत आहे, भावसिंग. ट्रकवर क्लीनर म्हणून हैदराबादकडे गेला आणि तिकडूनच भरती झाला. घरचा पत्ता म्हणून त्यानं ट्रकमालकाचा लिहून दिला. पत्रं त्या मालकाकडे येत आणि एखाद्या ड्रायव्हरच्या हातून तांड्यावर पोचत. तो मालक वर्षभरापूर्वी धंदा विकून कुठे गेला ते कोणाला नीट माहीत नाही. शेवटचं पत्र गेल्या वर्षीच्या श्रावणात आलं. भावसिंगचे वडील डोंगरसिंग कधीच वारले. आई रामीबाई एकटी.

लढाईच्या पहिल्या दिवसांत तिनं धावजीला विचारलं, "माह्या भावसिंगचं काही सांगतलं का रे?"

तो म्हणाला, "हाव याडी, सांगतलं. पोरं बरोबर आहेत म्हने."

तिला तो याडीच म्हणतो, म्हणजे आई. त्याला वाटलं, एक दिवसाचा धीर. पण दुसऱ्या संध्याकाळी ती सगळ्यांच्या आधी येऊन पारावर बसली. मग रोजच. त्या दिवसांत नागपूरच्या वेळेतही बरेचदा दिल्लीच चालू असायची, म्हणजे भोंगा जवळजवळ बंदच आणि सगळी बातमी धावजीच्या तोंडी. विमानं पडत होती, रणगाडे जळत होते, आणि धावजी ते सांगून झाल्यावर सांगायचा की भावसिंगच्या पलटणीला आज गरम जेवण मिळालं. पुढे म्हणाला, त्याला मागे पाठवलं, विश्रांतीला. मग घोंगड्या मिळाल्या.

"बाकीच्यांना कळत नव्हतं का?" मी विचारलं.

"कळे ना बाई. हरिसिंग नायकाले पहिल्याच दिवशी कळलं. दिल्लीवाला कायले आपल्या भावसिंगच्या घोंगडीचं सांगते? पन कोनी बोल्लं नाई. उलट मी इसरलो त बाजूचा कोपरानं ढोसे, भावसिंगचं राह्यलं म्हने."

लढाई थांबली. पत्र आलं नाही. आणि नागपूरनं एक नवीनच सुरू केलं. विदर्भातले जे जवान कामी आले, त्यांच्या घरी कोण भेटायला गेलं, कुठे सभा झाली, हे नागपूरच्या बातम्यांत यायला लागलं. नावानिशी, गावानिशी, आणि भोंग्यातून मोठ्यानं.

पहिलं नाव आलं ते दुसऱ्या जिल्ह्यातलं. बटणावर हात असूनही आवाज बारीक करायचं राहून गेलं, असं धावजीनं मला सांगितलं. नाव संपेपर्यंत तो उभाच. रामीबाई मात्र शांत होती. त्या पोराच्या आईसाठी तिनं हळहळ केली, पदर डोळ्याला लावला. स्वतःच्या मुलाची तिला चिंताच नव्हती. त्याचं तर रोज कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून धावजीनं नागपूरही बारीक केलं. बॅटरी उतरली म्हणाला. कापूस वेचणीला आलेला, भाव कळेना. लोक चिडले. एक म्हातारा म्हणाला, "धावजीची बॅटरी बरी आहे. दिल्लीले पुरते, नागपूर आलं की धापा टाकते." यावर मात्र कोणी हसलं नाही. शेवटी तांड्याचा कारभार पाहणाऱ्या हरिसिंग नायकानं सांगितलं, पुढच्या बाजाराच्या दिवशी मेकॅनिक येऊन पेटी पाहील, आणि बॅटरी चांगली निघाली तर किल्ली दुसऱ्याकडे जाईल. तो बाजार उद्याचा.

गेल्या बाजारी हे सांगताना धावजीचा चहा बशीतच निवला. मी म्हटलं, "यवतमाळला सैनिकांच्या घरच्यांची विचारपूस करणारं कार्यालय आहे. आमच्याकडे फोन आहे. विचारू का?"

"नोका विचारू बाई." तो इतक्या घाईनं म्हणाला की बशीतला चहा हिंदकळला. "इचारलं त ते सांगतीन."

मी विचारलं नाही. त्याच्यावर सगळं ढकलत नाही. माझा मुलगा नागपूरला कॉलेजात आहे, एन.सी.सी.त आहे. गेल्या आठवड्यात त्याचं पत्र आलं, फौजेत अधिकारी होण्यासाठी अर्ज भरतो आहे म्हणून. तेव्हापासून आमच्या घरातही बातम्या लागल्या की मी स्वयंपाकघरात जाते आणि भांडी वाजवते. भावसिंगचं यांना सांगितलं, तर म्हणाले, वाईट असतं तर तार आली असती. मी म्हटलं, पण तार त्या ट्रकमालकाच्या पत्त्यावर गेली असली तर? यावर हे नुसतंच वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत राहिले.

आज दुपारी रामीबाई स्वतः आली. तांड्यावरून बैलगाडीनं, एवढ्या उन्हात. घागऱ्याच्या काठाला धूळ, हातात काठी, आणि चेहरा असा खुललेला की मला तिच्याकडे पाहवेना. ओसरीवर बसली आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, "बाई, तुमच्या घरी तो बोलाचा फोन आहे न?"

"आहे. का हो?"

"भावसिंगसाठी पोरगी पाह्यली. मारेगावकडच्या तांड्यावरची. हाताची चांगली आहे, माह्यासारखी तोंडाळ नाई. त्याइले दुसरं स्थळ आलतं, मी म्हटलं थांबा, माह्या पोराचं रोज येते रेडिओत, लढाई झाली, आता तो येईनच. त्याइनं दुसऱ्यायले नाई सांगतलं. दिवाळी झाली की साखर वाटतो."

मी पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी सरकवला.

"आता पोराची हाव पाह्यजे. धावजीले म्हटलं, तिकडलं इकडं ऐकू येते, त इकडलं तिकडं सांग ना रे पेटीतून. तो म्हनते पेटीतून जात नाई. मंग कशातून जाते? तुमच्या फोनातून जाते म्हने नंदाबाई. एवढंच सांगाचं बाई, पोरगी पाह्यली, तुले पसंत आहे का."

फोन आत, भिंतीजवळच्या तिवईवर होता. तिला तिथून दिसत होता. मी म्हणाले, आज लाइन बंद आहे. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की धावजीच्या पहिल्या दिवसाचं मला एकदम कळलं.

"मंग उद्या येतो," ती म्हणाली. "बाजारच आहे." जाताना तिनं माझ्या मुलाची चौकशी केली. फौजेत जाणार म्हणतो, असं कळल्यावर माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ द्या. भेऊ नोका. आमचं रोज कळते ना, तुमचंबी कळन."



तिचा धीर खोटा असला तरी तो तिचा होता, आणि तांडा मिळून तो सांभाळत होता. इथवर मलाही ते मोडवत नव्हतं. पण मारेगावकडे एक पोरगी बसली आहे, तिच्या घरच्यांनी दुसरं स्थळ परतवलं आहे. ती कोण, कशी, मला माहीत नाही. तिला कोणीही काही विचारलेलं नाही. दिवाळीनंतर साखर वाटून सोयरीक पक्की झाली, की तिच्याही वाट्याला धावजीच्या बातम्या येणार. त्या तो किती वर्षं देत राहील? उद्या किल्ली गेली तर कोण देईल?

फोनवरचा माणूस काय सांगेल, मला ठाऊक नाही. कदाचित त्याच्याकडेही काहीच नसेल. भावसिंग एखाद्या इस्पितळात असेल आणि पत्र लिहून द्यायला कोणी मिळत नसेल, असंही असू शकतं. मी हे मनाशी पुन्हा पुन्हा म्हणते आहे आणि त्यात धावजीचाच सूर लागतो आहे.

सकाळी एक्स्चेंज उघडलं की यवतमाळचा ट्रंक कॉल लावायचा. रामीबाईची गाडी दाराशी येण्याआधी. नाव मी कागदावर लिहून ठेवलं आहे, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळायला नको: भावसिंग डोंगरसिंग.