मोडाचं पीठ

स्वप्नाली खोटं बोलणारी पोरगी नव्हे, हे मी समितीपुढे कुणाचीही शपथ घेऊन सांगितलं असतं. पण प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्याला समितीपुढे बोलावतंय कोण!

सांगलीच्या आमच्या कॉलेजात ती पीएचडीला आली, म्हसवडकडच्या एका वस्तीवरून. बाप जोतीराम वर्षातले आठ महिने मेंढरांमागं, आई सुलाबाई माळावरच्या दोन एकरांत हुलगा, म्हणजे कुळीथ, पेरणारी. पोरीनं संशोधनाला विषयही हुलगाच घेतला. मी तिची थट्टा करायचो, "अगं, घरात हुलगा, इथंही हुलगा, कंटाळा कसा येत नाही?" ती हसायची आणि बीकर माझ्यापुढे सरकवायची.

एकदा तिनं मला नीट समजावून सांगितलं. पोटात प्रथिनं कापणारे रस असतात, ती समजा कात्री. हुलग्यात एक चिमुकलं प्रथिन असतं. ते आपण होऊन त्या कात्रीच्या पात्यांत बोट घालतं आणि तिथंच घट्ट बसतं. मग कात्रीला ते कापताही येत नाही आणि सोडताही येत नाही. ते बोट नेमकं कुठं आणि कसं बसतं, हेच तिला बघायचं होतं. त्यासाठी दोन्ही एकत्र करून त्यांचे स्फटिक बनवायचे, म्हणजे सुईच्या टोकाएवढे खडे. ते पुण्याला नेऊन त्यांतून क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून गणित करून एकेक अणूची जागा काढायची.

पहिल्या वर्षी खडे आले. घरून आणलेला हुलगा तिनं इथंच दळला, प्रथिन वेगळं काढलं, थेंब मांडले, आणि तीन आठवड्यांनी मला हाताला धरून सूक्ष्मदर्शकाकडं नेलं. काय देखणे होते! तिचे मार्गदर्शक शरच्चंद्र सर, त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. पुण्याला नेताना मात्र खंबाटकी घाटात गाडीनं असे हादरे दिले, की डब्यातले सगळे खडे तडकले. एकही फोटो निघाला नाही. सर म्हणाले, "पुन्हा बनव, त्यात काय."

त्यानंतर आमची चक्की बंद पडली. नवीन चक्कीचा अर्ज सरांच्या टेबलावर धूळ खात राहिला. मीच शहाणपणा केला, "घरून पीठच मागव की." तिनं आईला फोन केला, पीठ आलं, आणि खडे यायचे बंद झाले.

दोन वर्षं! तिनं पाणी बदललं, क्षार बदलले, थंड कपाट बदललं. तपासणीत प्रथिन चोख दिसायचं आणि थेंबात नुसता गढूळ साका बसायचा. देवाधर्माला हसणारी ती पोरगी, पण शेवटी शेवटी थेंबांचा ट्रे माझ्याकडं द्यायची. "काका, तुमच्या हातानं ठेवा. माझा हातच वाईट आहे." तिचा जेवणाचा डबा तसाच परत जायचा. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या.

शेवटच्या मुदतवाढीच्या वेळी समितीतल्या एका विद्वानानं विचारलं, "ते पहिले खडे मिठाचे तर नव्हते ना?" मी चहा देत होतो. ज्या माणसानं ते खडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, ते सर गप्प बसले. कप त्यांच्या अंगावर ओतावा असं मला वाटलं. फेब्रुवारीअखेरपर्यंत खडे दाखव, नाहीतर नोंदणी रद्द, असं ठरलं. म्हणजे पदवी तर जाणारच, वर खोटारडी म्हणूनही नाव होणार.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पीठ घेऊन सुलाबाई स्वतः आल्या. पोरगी फोनवर धड बोलत नाही म्हणून आल्या होत्या. मी त्यांना स्टूल दिलं. स्वप्नालीनं पिशवी सोडली आणि पीठ उग्र वासाच्या द्रावणात ओतलं.

"आगं आगं! खायाचं पीठ त्यात काय वततीस?"

पीठ कशासाठी लागतं, हे तिनं आईला कधी सांगितलंच नव्हतं. माळावर राबून पिकवलेलं धान्य आपण रसायनात घालतो, हे सांगायची तिला लाज वाटायची. आईला वाटत होतं, लेक त्या पिठाचं माडगं, म्हणजे पातळ कढण, करून पिते.

"लय जीव काढून केलंय ते," सुलाबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या. "पयल्या साली नुसता हुलगा नेला आन् पोरगी वाळून आली. कच्चा हुलगा पचत न्हाई, दादा. म्हणून मग मोड आणायचं, वाळवायचं, सालं पाखडायची, तवा जात्यावर दळायचं."

स्वप्नालीचा हात तसाच राहिला. "मोड आणलेत? दरवेळी?"

"व्हय. मोड आलं की हलका हुतो त्यो."

तिनं पिशवी बाजूला ठेवली. "आई, हुलगा का पचत न्हाई, तेच तर मी शोधतीय गं."

मोड फुटताना दाणा आपलंच प्रथिन टोकांकडून कुरतडतो, असं तिनं मला मागाहून सांगितलं. एखाद्याचं टोक थोडं जातं, एखाद्याचं जास्त, आणि साध्या तपासणीत ते कळत नाही. पण लांडी-लांब प्रथिनं खड्यात रांगेनं बसत नाहीत. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

"म्हंजी मी तुजं वाट्टोळं केलं व्हय गं?" सुलाबाईंनी विचारलं.

"व्हय!" स्वप्नाली ओरडली. "दोन वर्सं! मला लोक खोटारडी म्हणत्यात, आई!"

त्या माउलीनं पदर तोंडात कोंबला. मला दोघींकडंही बघवेना. घरून पीठ मागव म्हणून तोंड घालणारा मीच होतो.

सुलाबाई त्याच पावली एसटीनं परत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पेरणीसाठी राखलेलं बी घेऊन आल्या. आम्ही ते खलबत्त्यात कुटलं. स्वप्नालीनं रात्रीचा दिवस केला आणि सव्वीस तारखेला थेंब मांडले. खड्यांना तीन आठवडे लागणार आणि हातात दोन दिवस. तिनं सरांना सगळं सांगितलं, अक्षरशः हात जोडले. सर म्हणाले, "दरवेळी काहीतरी नवीन कारण असतंच." अठ्ठावीसला तिनं प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात दिली आणि लोणंदच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून लागली.

ट्रे मी फेकला नाही. रोज बघत होतो. एकोणीस मार्चला खडे दिसले. मिठाचा खडा निळा रंग पीत नाही, प्रथिनाचा पितो, हे तिनंच मला शिकवलं होतं. एका थेंबात रंग सोडला आणि खडे निळेशार होताना पाहिले. ट्रे नेऊन सरांपुढं ठेवला. ते बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मग म्हणाले, "तिचं नाव कमी झालं, नानासो. आता काही होत नाही."

मी सुलाबाईंना फोन लावला.

"ताई, खडे आले. खरे खडे."

"मंग घेत्याल का तिला माघारी?"

"नाही."



"दादा, आता कुटं तिला घासभर अन्न जायाला लागलंय," त्या म्हणाल्या. "तिला सांगू नगा."