गुलाबी वाळूची बाटली

वाळूकाकांकडे पहिल्यांदा टूरची चौकशी करायला आलेला माणूस सकाळी अकराला खुर्चीत टेकला, तर दिवेलागणीला उठे. तोवर त्याच्या नखांत अकरा देशांची वाळू गेलेली असे, कानांत गाज घुमत असे, फक्त हातात पावती नसे. एका गृहस्थाची बायको म्हणे तो हरवल्याची तक्रार द्यायला निघाली होती. तो तेव्हा हिरव्या वाळूचा किनारा संपवून नुकता कुठे काळ्या वाळूकडे वळला होता.

टूर कंपनीच्या त्या अरुंद ऑफिसात काकांचं टेबल झेरॉक्स मशीन आणि पाण्याचं पिंप यांच्यामध्ये कोंबलेलं होतं. मागच्या लोखंडी कपाटात फायलींऐवजी बाटल्या होत्या. एकतीस वर्षं काकांनी लोकांना समुद्रावर धाडलं आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, "येताना चिमूटभर वाळू आणा. चालत असेल तिथूनच हं, चोरून नको!" ज्वालामुखीची काळी वाळू होती, लाटांनी घासून गोट्यांसारख्या केलेल्या फुटक्या काचा होत्या. प्रत्येक बाटलीवर काका चिठ्ठी चिकटवत : वाळू कुठली, आणली कोणी. एका डॉक्टरांनी विसरल्यामुळे घराशेजारच्या बांधकामावरची वाळू आणून दिली. काकांनी ती बोटांत चोळली, गालात हसले आणि चिठ्ठी लिहिली : "डॉक्टरांचा शेजार."

स्वतः काकांनी समुद्र पाहिलाच नव्हता. रजा मिळे तेव्हा घरात आजारपण, आजारपण नसे तेव्हा ऑफिसात सीझन.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा साहेबांना दया आली. वीस गिऱ्हाइकं भरली की एकविसावी जागा कंपनीच्या माणसाला फुकट, हा या धंद्यातला रिवाज.

"काका, गुलाबी वाळूचा ग्रुप भरा आणि तुम्हीच घेऊन जा. वीसच्या खाली आले तर टूर रद्द. मग मला रडगाणं नको."

बायकोने जॅमची रिकामी बाटली घासूनपुसून दिली. "पाण्यात पुढे जाऊ नका. तुम्हाला बादलीत तरी पोहता येतं का?" काकांनी त्याच दिवशी चिठ्ठी लिहून बाटलीवर चिकटवली : "गुलाबी. स्वतः."

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी अठरा नावं होती. दुपारी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. झाले वीस! काकांनी फॉर्म पुढे सरकवला. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि सहज विचारलं, "फोटोत झकास दिसतंय. पण वाळू खरंच अशी गुलाबी असते का हो?"

दुसऱ्या कुणीही "अहो, याहून गुलाबी!" म्हणून सही घेतली असती. काकांनी कपाट उघडून एका जुन्या गिऱ्हाइकाने त्याच किनाऱ्यावरून आणलेली बाटली काढली.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "ही तर आमच्या अंगणातली माती."

"कोरडी आहे ना. ओली झाली की रंग खुलतो." काकांनी बशीत थोडी वाळू घेऊन पिंपातलं पाणी ओतलं. वाळू तपकिरी झाली.

"चिखल झाला, ताई," धाकटी म्हणाली.

"तिथे लाटेच्या कडेला, तिरप्या उन्हात बघायची! बारीक लाल कवचांचा चुरा मिसळलेला असतो तिच्यात..."

"रोज दिसते?"

काचेच्या केबिनमधून साहेबांनी हात जोडले. काकांनी ते पाहिले.

"ढग असतील त्या दिवशी नाही," काका म्हणाले.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "खरं सांगितलंत, फार बरं झालं. एवढं लांब जाऊन पस्तावलो असतो." दोघी बहिणी पुन्हा पुन्हा आभार मानत निघून गेल्या.

साहेब बाहेर आले. "काका, तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"त्यांनीच की," काका म्हणाले आणि बशी पुसायला लागले.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "खोटं बोलायला काय झालं होतं एकदा?" एवढंच म्हणाली.

टूर रद्द झाली. ठरल्या तारखेला काका निवृत्त झाले. कपाट फायलींना हवं होतं, म्हणून साहेबांनी सगळी वाळू दारातल्या कुंड्यांत ओतायला लावली. "गुलाबी. स्वतः." लिहिलेल्या बाटलीत काकांची बायको शर्टाची बटणं ठेवते.