मनगटावरचा वेढा

दुबईत मेट्रो यायच्या आधीची गोष्ट. शारजाच्या पक्षीबाजारात मी मुलीला घेऊन मासे आणायला गेलो होतो. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ पाळायला साप निवडत होते. उजवा हात खिशात. दुकानदाराने साप समोर आणला की मात्र ते चपला काढून दोन्ही हात जोडत, आणि मग दिसे, तो उजवा हात सारखा थरथरतोय. त्याच हातावर ते साप ठेवून घेत. दोन साप वळवळत निसटले. तिसरा, मध्यम लांबीचा, मनगटाला वेढा घालून निवांत पडला.

“खलास, यही दे दो,” ते दुकानदाराला म्हणाले. मग आमचं मराठी ऐकून माझ्याकडे वळले. “मांजर आणलं होतं. हात लावला की पळायचं. याला माझा हात चालतोय.”

साप पिशवीत घालून ते निघाले. दारात थांबून त्यांनी मला शेकहँड केला. त्याच हाताने.