सातव्यांना हाक कोण मारणार?

किस्से साठतात ते पार्सलबरोबर आलेल्या चिली सॉसच्या पुड्यांसारखे. मुद्दाम कोणी ठेवत नाही. एक दिवस ड्रॉवर उघडायला जावं तर तो उघडतच नाही.

माझा ड्रॉवर अडकला तो आमच्या कंपनीने जपानहून काबुकी या जुन्या नाट्यप्रकाराची मंडळी आणली तेव्हा. सिंगापूरमध्ये पाया लेबारला आमचं छोटं ऑफिस आहे. परदेशी नाटकं बोलवायची, थिएटर ठरवायचं, तिकिटं खपवायची. माझ्याकडे कलाकारांची काळजी घेण्याचं काम. काळजी करणं मला जन्मजात येतं, त्यामुळे इंटरव्ह्यू लवकर आटोपला होता.

*

सुरुवात एअरपोर्टवरच झाली. आमच्या पोस्टरवर मिनासे किरिनोजो म्हणून सत्तरीचे, गरुडासारख्या नाकाचे गृहस्थ होते. दारातून बाहेर आला तो कानात हेडफोन घातलेला, पस्तिशीचा तरुण. गरुड त्याच्या मागून स्वतःची बॅग ओढत येत होता.

माझी बॉस जॅनिस माझ्या कानात कुजबुजली, "रेवा, वी बुक द फादर, लाह. हा कोण?"

मी वळून तेच विचारलं. दुभाषी युमी शांतपणे म्हणाली, "तुम्ही किरिनोजोंना बोलावलंत. किरिनोजो आलेत."

झालं होतं असं की या घराण्यात नाव गादीसारखं चालतं. म्हातारे सहावे किरिनोजो. आमचं बोलावणं गेल्यानंतर मधल्या काळात त्यांनी ते नाव समारंभाने मुलाला दिलं, तो सातवा झाला. स्वतः त्यांनी दुसरं नाव घेतलं, पण त्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नसत. म्हणून आम्ही सगळे त्यांना सहावे आणि मुलाला सातवे म्हणायला लागलो.

"मग पोस्टर बदलायचं का?" मी विचारलं.

"कशाला? नाव बरोबर आहे," युमी म्हणाली.

*

पहिल्या तालमीला मी विंगेत कॉफी घेऊन उभी होते. काबुकीत भावना अगदी टोकाला गेली की नट मान झटकून, डोळे तिरळे करून पुतळ्यासारखा थिजतो. त्याच क्षणी कडेला बसलेला माणूस लाकडाचे दोन ठोकळे फळीवर आपटतो. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

ठाप्प!

मी किंचाळले. कॉफी माझ्या कुर्त्यावर. सातव्यांचे तिरळे डोळे सरळ झाले आणि ते हसत खाली बसले. मी सॉरी सॉरी करत टिश्यू शोधत होते. एकटे सहावे तेवढे हसले नाहीत. ते युमीला काहीतरी म्हणाले.

"ते विचारतायत, ही मुलगी रविवारच्या खेळाला मोकळी आहे का?"

*

त्याचा खुलासा दुसऱ्या दिवशी जेवताना झाला. जपानमध्ये नट असा थिजला की मागच्या रांगेतले मुरलेले रसिक त्याला हाक मारतात. घराण्याचं नाव घेतात, नाहीतर कितवा ते. "सहावे!" अशी. गादी बाप देतो, पण ती बसल्याची पावती मागच्या रांगेतून येते. आणि नाव घेतल्यापासून सातव्यांना कोणी एकदाही हाक मारलेली नव्हती. म्हातारे रसिक येत, बघत, हाताची घडी घालून घरी जात.

"इथून परत गेलो की आमचा मोठा सीझन," सातवे मला इंग्रजीत म्हणाले. "तिथेही गप्प बसले तर मी नुसता नाव घातलेला माणूस." मग हसून म्हणाले, "बाबांचा कोट घातल्यासारखा. बाह्या लांब."

सहाव्यांचं म्हणणं एवढंच होतं की घरी जाण्याआधी पोराच्या कानावर एकदा तरी हाक पडावी. परक्या मुलखात का होईना, पण पडावी. आणि माझा आवाज त्यांना आवडला होता.

मी बसमधून उतरायचं असलं तरी "एक्सक्यूज मी" मनातल्या मनात म्हणते. मी ठामपणे नाही म्हटलं. म्हणजे, खूप वेळ मान हलवली.

*

त्याच जेवणातली गोष्ट. हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या सामाईक मंडपात, सहाव्यांना एका रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं. ते तिथे बसायला निघाले, मी जवळजवळ आडवी पडले.

"तिथे नको! ती जागा घेतलेली आहे."

"कोणी?"

"ज्याचं पाकीट आहे त्याने. पाकीट ठेवून तो जेवण आणायला जातो. मग तिथे कोणी बसत नाही."

सहावे पाकिटाकडे बराच वेळ बघत राहिले. "आणि तो आलाच नाही तर?"

"येतो."

ते युमीकडे बघून बोलले आणि तिला नूडल्स खाता खाता ठसका लागला. "ते म्हणतायत, त्यांच्या वडिलांनी त्यांच्या जन्माआधीच असं पाकीट ठेवलं होतं. त्यांना जेवायचं आहे का, हे कोणी विचारलं नाही."

"मला मिळालं तेव्हा आत टिश्यू उरलेच नव्हते," सातवे म्हणाले.

जाताना सहाव्यांनी टिश्यू विकणाऱ्या आजींकडून एक पाकीट घेतलं. मला वाटलं, आठवण म्हणून.

*

हाक मारायला माणूस मिळेना. जॅनिस म्हणाली, "थिएटरमध्ये ओरडायचं? सिंगापूरमध्ये? वेडी झालीस का, लाह?"

शेवटी मला कांबळेकाका आठवले. काका मूळचे नागपूरचे, हल्ली पासिर रिसला राहतात. जमिनीखालच्या बोगद्यांची कामं बघणारे इंजिनिअर, त्यामुळे आवाज लांब पोचवायची सवय. आमच्या मराठी मंडळाचे ते हुकमी प्रेक्षक. गाणं आवडलं की पहिला वन्स मोअर त्यांचा. एका वर्षी तर त्यांनी आभारप्रदर्शनालासुद्धा वन्स मोअर दिला होता, आणि बिचाऱ्या चिटणीसबाईंनी पुन्हा आभार मानले होते.

"एवढंच ना?" काका म्हणाले. "काऊन घाबरून राहिली तू? शब्द सांग."

जपानीत सातव्यांना म्हणायचं "शिचिदाइमे". युमीने व्हिडिओ कॉलवर काकांची शिकवणी घेतली. ठोकळा वाजला की अर्धा श्वास थांबायचं, मग हाक. काका बिल्डिंगच्या खालच्या मोकळ्या जागेत सराव करू लागले. त्यांची लेक लिफ्टच्या आडून म्हणायची, "पापा, सो एम्बॅरॅसिंग, लाह!" वरच्या मजल्यावरच्या चिनी आजी दोनदा खाली आल्या. पहिल्यांदा तक्रार करायला. दुसऱ्यांदा खुर्ची घेऊन.

*

रविवार, दुपारचा खेळ, शेवटचा. काका मागच्या रांगेत, नवा झब्बा घालून. मी विंगेत सहाव्यांच्या स्टुलाशेजारी, यावेळी कॉफीशिवाय. दोन्ही हातांनी पडद्याची दोरी धरून ठेवलेली.

सातवे तो प्रसंग करत होते, ज्यात मुलगा बापाची तलवार पहिल्यांदा उचलतो. ते चालत पुढे आले. मान झटकली. डोळे फिरले. हात ताणले गेले. ठाप्प!

मी किंचाळले नाही. अर्धा श्वास गेला. पूर्ण गेला. हाक नाही. स्टुलावर सहाव्यांनी डोळे मिटून घेतले.

आणि मागच्या रांगेतून, बोगद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात:

"वन्स मोअर!"

काका शब्द विसरले होते. सगळं थिएटर मागे वळलं. सातवे थिजलेलेच. ठोकळेवाल्याने घाबरून विंगेत सहाव्यांकडे पाहिलं. काबुकीत असं पुन्हा करून दाखवत नाहीत, हे मलाही एव्हाना कळलं होतं.

सहाव्यांनी डोळे उघडले आणि मान डोलावली.

सातव्यांना इंग्रजी कळत होतं. ते चार पावलं मागे गेले. पुन्हा चालत आले. पुन्हा मान, पुन्हा डोळे, पुन्हा ठाप्प. यावेळी टाळ्या थांबेनात.

खेळ संपल्यावर मी मेकअप रूममध्ये माफी मागायला गेले. सातव्यांचा अर्धा चेहरा पांढरा, अर्धा पुसलेला. सहाव्यांनी विचारलं, "ते नेमकं काय म्हणाले?"

"पुन्हा एकदा," मी म्हटलं. युमीने सांगितलं.

सातव्यांनी आरशातूनच मला विचारलं, "कोणाला? मला, की..." आणि वडिलांकडे बोट केलं.

मला काय माहीत? तेवढ्यात काकाच दारात आले, कान पकडून. "सॉरी हं रेवा. तो असा उभा राहिला ना, की मला ते जपानी आठवलंच नाही."

"काका, ते विचारतायत, वन्स मोअर कोणाला दिलात?"

काका गोंधळले. आधी माझ्याकडे बघितलं, मग आरशातल्या अर्ध्या पांढऱ्या चेहऱ्याकडे.

"कोणाला म्हणजे? किरिनोजोला."

याचं भाषांतर युमीने केलं नाही, नाव सगळ्यांना कळलं होतं. सहाव्यांनी किमोनोच्या बाहीतून आजींकडून घेतलेलं, अजून न फोडलेलं टिश्यूचं पाकीट काढलं आणि सातव्यांसमोर टेबलावर ठेवलं.