खडूची बेडरूम
मुंग्यांचा खडू हातात घेतला आणि घाटकोपरची आमची दहा बाय बाराची खोली आठवली. लेकीच्या इंग्लिश मीडियमच्या इंटरव्ह्यूला एकच दिवस उरला होता. पुस्तकात लिहिलं होतं, बेडरूम म्हणजे झोपायची खोली. ती म्हणाली, “आई, आपली कुठंय गं?” मी चिडून लादीवर खडूने चौकोन काढला, आत उभी राहिले. “ही घे बेडरूम. आता पाठ कर!” ती रेघेपाशी थांबली, हवेतच टकटक करून म्हणाली, “आई, आत येऊ?” आता टॉवरमध्ये तिला खरीखुरी बेडरूम आहे. सकाळपासून दार आतून बंद आहे, आणि टकटक करायला उचललेला हात मी दर वेळी खाली घेते.