पिठातली उलटी पावलं

असले अनुभव मी वाचायचो आणि पुढे जायचो, विश्वास कधी बसला नाही. किनवटला आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. शाळेतल्या सरांनी एकच गोष्ट मनावर ठसवली होती - घाबरण्याआधी कारण शोध. मी शोधलं... म्हणूनच आज लिहायला बसलोय.

चेन्नईत पेरुंगुडीच्या एका आयटी कंपनीत मी नोकरीला आहे. राहायला मात्र वेस्ट मांबलमला होतो, एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर, अक्कांकडे. अक्का तंजावरच्या मराठी. त्यांची भाषा जुन्या पोथीतली वाटावी अशी, मध्येच तमिळ. या शहरात पहिल्या दिवशी "जेवलास कीं, बाळा?" असं मला विचारलं ते त्यांनीच. ते उपकार मी विसरणार नाही.

त्यांचे यजमान गोपाळराव सिनेमात पडायचं काम करत. म्हणजे विनोदी नटाच्या ऐवजी जिन्यावरून, सायकलवरून पडायचे ते हेच. त्यांचा एक सिनेमा अजून टीव्हीवर लागतो. खुनाचा खोटा आळ आल्यामुळे पळत सुटलेल्या माणसाची गोष्ट, पण सगळी धमाल टिंगल. त्यात पिठाचं पोतं फुटतं आणि नायक पिठातून उलटा चालत घराबाहेर निसटतो. पावलं आत गेलेली दिसतात, म्हणून पोलीस घरभर शोधतात, इडलीचं भांडंसुद्धा उघडून बघतात. ती पावलं गोपाळरावांची. डाव्या पायाची करंगळी नव्हती त्यांना, तीही पडण्याच्याच कामात गेलेली.

पुढे त्यांच्यावर खरोखरच शेजारच्या शिंप्याच्या खुनाचा आळ आला. घाबरून ते पळाले. झडतीला आलेला शिपाई अक्कांना म्हणाला होता, "अम्मा, इडलीचं भांडं उघडा, त्यात बसलेत का बघू!" अख्खी गल्ली हसली. नंतर खरा खुनी सापडला, पण हे गोपाळरावांना सांगणार कोण? ते परत आलेच नाहीत.

आता ती इमारत पाडायची ठरली. बंगळूरला असलेला त्यांचा मुलगा मला फोन करायचा, "ब्रो, अम्मा तुझंच ऐकते. प्लीज समजाव." अक्कांचं एकच - "मी गेलें तर ते कुठें येतील? त्यांना पत्ता कोण सांगेल?"

एका रविवारी सकाळी टीव्हीजवळ शिडी लावून मी माळ्यावरचं सामान काढत होतो. मांजर येऊ नये म्हणून बाहेरच्या दाराला आतून कडी मीच लावली होती. समोर झोपाळ्यावर अक्का कुरकुरत होत्या, "उतर पा खालीं. मी कुठें जात नाहीं." तेवढ्यात कोलमच्या, म्हणजे दारातल्या रांगोळीच्या, पिठाचा डबा माझ्या हातून निसटला आणि झोपाळ्याखालून गडगडत थेट दारापर्यंत गेला. झोपाळ्यामागे सगळं पांढरंशुभ्र!

मी झाडू शोधायला निघालो, तर टीव्हीवर तोच सिनेमा सुरू झाला.

"राहूं दे ते. बैस. त्यांचं पडणं बघ."

मी त्यांच्याशेजारी बसलो. दार आमच्या पाठीशी. आम्ही खूप हसलो... पिठाच्या प्रसंगाला अक्का डोळे पुसत हसत होत्या. तेव्हाच झोपाळ्याची साखळी करकरली, आणखी कुणी येऊन बसल्यावर करकरते तशी. मी सिनेमात गुंतलो होतो, लक्ष दिलं नाही.

सिनेमा संपल्यावर झाडू आणायला मी मागे वळलो. झोपाळ्यापासून दारापर्यंत पिठात अनवाणी पावलं उमटली होती. बोटं दाराकडे. डाव्या पावलाला करंगळी नाही.

"अक्का, कुणीतरी बाहेर गेलं!"

पण कडी तशीच होती. आतून.

अक्का जराही दचकल्या नाहीत. "इतका शिकलास, पण सिनेमा नीट नाहीं पाहिलास. बाहेर नव्हें पा. ते उलटे चालत आंत आले. अजून भितात रे... पोलीस मागावर असतील म्हणून." मग झोपाळ्याच्या रिकाम्या टोकाकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "आतां पळूं नका. खरा माणूस केव्हांच सांपडला."

त्यांनी पायाने झोपाळ्याला हलकेच झोका दिला. मग त्या म्हणाल्या, "मुलाला फोन लाव. येतें म्हणून सांग."

पीठ त्यांनी झाडू दिलं नाही, आम्ही भिंतीला लागून जा-ये करायचो. निघायच्या दिवशी झोपाळ्यापासून दारापर्यंत, त्या पावलांच्या कडेकडेने, त्या उलट्या चालत आल्या. मुलगा दारातून ओरडला, "अम्मा, पडशील!"

"पडणाऱ्याचीच बायको मी!"

त्या गाडीत बसल्या. मी दारात उभा होतो. पिठात दोघांची पावलं होती, एकाची बाहेर तोंड केलेली, एकीची आत. अक्कांना बाहेर जाताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण पिठात त्या घरी परतल्यासारख्या दिसत होत्या.

कारण मी अजून शोधतोय, सर. त्या दिवशी बाहेरून कडी घालताना माझा हात अडला... आत कुणी राहिलंय की नाही, हे काही केल्या मला ठरवता येईना.